म्हातारे होऊ द्या की त्यांना

कुठलीही मालिका बघायला घेण्याआधी मी तिचा शेवट शोधून वाचतो. रहस्यकथा असली तरी वाचतो. खुनी कोण हे आधी कळल्यानं माझं काही बिघडत नाही. मला एवढंच बघायचं असतं की तिच्यातला गे माणूस शेवटच्या भागापर्यंत टिकतो, की मधेच कुठेतरी त्याला गोळी लागते. आमच्या घरी याला ‘पंचांग बघणं’ म्हणतात. दिवस बरा असेल तर बैठक मारायची, नाहीतर रिमोट ठेवून द्यायचा. आमच्या ह्यांना ही सवय मुळीच पसंत नाही. त्याच्या मते शेवट वाचून मालिका बघणं हा शुद्ध अरसिकपणा आहे. असेल. पण मी कर सल्लागार आहे. माझ्याकडून रसिकपणाची अपेक्षा तशीही कुणी करत नाही.

‘आमचे हे’ म्हणजे माझा जोडीदार. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत आम्ही राहतो, आतल्या खोलीत माझी आई. सोसायटीला आम्ही ‘वरचे ते दोघं’ म्हणून माहीत आहोत. यापुढची चौकशी पुण्यात कुणी तोंडावर करत नाही, ती जिन्यात होते.

पंचांगाची गरज का पडते ते सांगतो. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेनं विलो आणि टारा या दोघींचं प्रेम फार मायेनं वाढवलं होतं. त्यांचं बिनसलं, मग समेट झाला, आणि पुढच्याच भागात, मे २००२ मध्ये, दुसऱ्या कुणासाठी झाडलेली गोळी खिडकीतून आली आणि टारा मेली. त्यानंतर १४ वर्षांनी, ३ मार्च २०१६ रोजी, ‘द हंड्रेड’ मालिकेत लेक्सा मेली. सगळ्या कुळांची सरसेनापती असलेली ही पोरगी कुणाला हार जाणारी नव्हती. मालिकेची नायिका क्लार्क हिच्याबरोबरचं तिचं प्रेम एकदाचं मार्गी लागलं आणि काही मिनिटांत क्लार्कसाठी झाडलेली गोळी तिच्या पोटात शिरली. तीच चुकलेली गोळी, आणि वेळही तीच: दोघी सुखात आहेत, झाडा. लेक्साचं काम करणारी अभिनेत्री दुसऱ्या मालिकेत गुंतली होती, त्यामुळे तिला निरोप देणं भाग होतं हे खरं. पण निरोप द्यायच्या शंभर तऱ्हा असतात. सरसेनापतीला लढाईवर पाठवता आलं असतं. त्या वेळी चाहत्या मुली इतक्या खवळल्या की मालिकेच्या कर्त्याला जाहीर पत्र लिहून दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०२० च्या अखेरच्या भागात लेक्साचा चेहरा परत आणला गेला, पण तो एका परग्रहीय न्यायाधीशानं घेतलेलं रूप म्हणून. ती स्वतः आलीच नाही. मी याला भरपाई मानत नाही.

अमेरिकेत या मारून टाकायच्या सवयीला जुना इतिहास आहे. तिथल्या सिनेमाची एक आचारसंहिता होती, १९३० मध्ये लिहिलेली आणि १९३४ पासून कडक पाळलेली. १९६८ पर्यंत ती टिकली. समलिंगी माणूस पडद्यावर दाखवायचाच नाही, आणि चुकून सुचवलाच तर तो सुखी दिसता कामा नये. मग तो खलनायक व्हायचा, वेडा व्हायचा किंवा मरायचा. संहिता गेली तरी हाताचं वळण गेलं नाही.

आपल्याकडे अशी लेखी संहिता कधी नव्हती. तिची गरजच पडली नाही. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. सुमित्रा देव, सगळ्यांची मित्रा, तिचं नमावरचं प्रेम, आणि हे सगळं आपल्याला सांगणारा, तिच्यावर जीव असलेला बापू. कॉलेजात असताना मी ते पुस्तक ग्रंथालयातून आणलं आणि एका बैठकीत संपवलं. तेंडुलकरांची मित्राबद्दलची माया पानापानावर दिसते. तरी शेवटी मित्रा स्वतःचा जीव घेते. नाटक म्हणून तो शेवट खोटा नाही, त्या काळात त्या मुलीला कुणी जगू दिलं नसतं हे तेंडुलकरांना दिसत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. फक्त त्या वयात माझ्या हाताशी दुसरी गोष्ट नव्हती. एकच गोष्ट उपलब्ध असली की ती गोष्ट राहत नाही, भविष्य होते.

मारून टाकण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे गायब करणं. ‘फ्रेंड्स’ आमच्या पिढीनं केबलवर पारायण केल्यागत बघितली. त्यात रॉसची पहिली बायको कॅरल आणि तिची सूझन यांचं लग्न होतं, जानेवारी १९९६ मध्ये. त्या काळी ही मोठी हिंमत होती, मान्य. पण ६ मे २००४ रोजी मालिका संपली तेव्हा त्या दोघी कुठे होत्या? गेली काही वर्षं त्या दिसल्याच नव्हत्या. त्यांचा मुलगा बेनसुद्धा नाही. कुणी मेलं नाही, कुणी भांडलं नाही, पत्रिकेतून नाव गळावं तसं गळलं.

माझ्या आईच्या नजरेतून हे सुटलं नसतं. ती संध्याकाळी सातपासून मराठी मालिका बघते आणि मालिका संपते तेव्हा तिचं एक काम ठरलेलं असतं. अखेरच्या भागात सत्यनारायण नाहीतर बारसं नाहीतर कुणाचं तरी लग्न निघतं, खलनायिकेला पश्चात्ताप होतो, सगळे एका सोफ्याभोवती जमतात आणि फोटो निघतो. आई तेव्हा माणसं मोजते. ‘धाकटी जाऊ कुठाय? तिला माहेरी पाठवली होती ती परत आणलीच नाही.’ एखादं माणूस कमी निघालं की आठवडाभर तिची कुरकुर चालते. ऑफिसातला हात वळवून बोलणारा, सगळ्यांना हसवणारा तो फॅशनवाला पोरगा मात्र फोटोत नसला तर तिलाही आठवत नाही. तो मुळात कुणाच्या नात्यातच नसतो. त्याला घर दिलेलं नसतं, मग घरच्या फोटोत तो उभा राहणार कुठे?

तीच आई श्रावणात शुक्रवारची कहाणी वाचते. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं सुफळ संपूर्ण होते, आणि त्याआधी एक ओळ येते: जशी तिला देवी पावली तशी तुम्हां आम्हां पावो. गोष्टीतल्या बाईचं भलं झालं की ते भलं ऐकणाऱ्यांपर्यंत पोचवायची जबाबदारीही कहाणी घेते. शेवट हा फक्त पात्रांचा नसतो, तो पाटावर बसलेल्यांचाही असतो, हे आपल्या बायकांना पटकथालेखनाच्या कुठल्याही वर्गाशिवाय माहीत होतं. मालिका बघताना मी पाटावर आहे की पडवीत, एवढंच मला पंचांगातून कळून घ्यायचं असतं.

आता माझ्या लाडक्या शेवटाबद्दल.

‘सिक्स फीट अंडर’ ही मालिका लॉस एंजेलिसमधल्या एका कुटुंबाची. त्यांचा धंदा अंत्यविधीचा. जवळजवळ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कुणीतरी मरतं आणि पांढऱ्या पडद्यावर त्याचं नाव आणि जन्ममृत्यूची सालं येतात. मधला भाऊ डेव्हिड, चर्चला जाणारा, टापटीप, आतल्या आत कुढणारा, आणि त्याचा पोलिसातला कीथ. पाच पर्वं हे दोघं भांडतात, वेगळे होतात, परत येतात, दोन मुलगे दत्तक घेतात. अखेरचा भाग २१ ऑगस्ट २००५ रोजी दाखवला गेला. त्याच्या शेवटच्या काही मिनिटांत धाकटी बहीण क्लेअर गाडी घेऊन न्यूयॉर्कला निघते, आणि तिचा रस्ता पुढे पुढे सरकत असताना आपल्याला घरातल्या एकेकाचं मरण दिसतं. आई रूथ २०२५ मध्ये, कीथ २०२९ मध्ये, डेव्हिड २०४४ मध्ये, क्लेअर स्वतः २०८५ मध्ये.

आम्ही ते २००६ च्या सुमारास बघितलं, मित्राकडून आणलेल्या डीव्हीडीवर, कर्वेनगरच्या भाड्याच्या खोलीत. तिथे घरमालकांना आम्ही मामेभाऊ होतो. पडद्यावर डेव्हिड आणि कीथ यांचं लग्न लागलं. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात असं लग्न कायद्यानं होत नव्हतं, लेखकानं ते पुढच्या काळात नेऊन ठेवलं आणि पुढच्या काळानं ते खरं केलं. पण मला हलवलं ते लग्नानं नाही. कीथ साठी उलटलेला दिसतो आणि पैशांच्या गाडीवर पडलेल्या दरोड्यात मारला जातो. मग एका सहलीत खुर्चीवर बसलेला डेव्हिड, पंचाहत्तरीचा, पांढरे केस, सुटलेलं शरीर. त्याला समोर चेंडू झेलणारा तरुण कीथ दिसतो, तो हसतो आणि मान टाकतो. माझ्या शेजारून आवाज आला, ‘अरे, हे तर म्हातारे झाले.’

आम्ही दोघं तेव्हा तिशीत होतो, आणि दोन पुरुष एकत्र म्हातारे होतात हे आम्ही त्याआधी कधी बघितलंच नव्हतं. पडद्यावर नाही, पुस्तकात नाही, ओळखीत नाही.

त्या शेवटाची खुबी मला नंतर हळूहळू उमगली. त्यात सगळेच मरतात. डेव्हिडचा मोठा भाऊ नेट, बायकांना भुरळ घालणारा, चाळिशीतच गेलेला असतो. म्हातारपण मिळतं ते डेव्हिडला. सगळ्यांच्या वाट्याला आलेलं मरण ही शिक्षा राहत नाही, आणि हे गणित मालिकेच्या धंद्यातच बसवलेलं आहे. मालिकेचा कर्ता अ‍ॅलन बॉल स्वतः गे. मला वाटतं, त्याला हे मुद्दाम करावं लागलं नसणार.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘सुपरनॅचरल’चं. डीन आणि सॅम या दोन भावांची, पंधरा पर्वं चाललेली भुताखेतांची मालिका, २००५ ते २०२०. कॅस्टिएल हा देवदूत ५ नोव्हेंबर २०२० च्या भागात डीनला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. सांगून होतं न होतं तोच काळोखाचा एक लोंढा भिंतीतून येऊन त्याला गिळतो. डीन उत्तरही देत नाही. दोन आठवड्यांनी अखेरच्या भागात कॅस्टिएलच्या वाट्याला जेमतेम उल्लेख येतो, तर धाकटा भाऊ सॅम संसार करतो, मूल वाढवतो, पांढऱ्या केसांचा टोप घालून म्हातारा होतो. त्या टोपाची चाहत्यांनी यथेच्छ टिंगल केली. पार्श्वभूमीला त्याची बायकोही असते, धूसर, बिननावाची. ज्याला बायको आहे त्याला म्हातारपण मिळणारच, मग तिला चेहरा नसला तरी चालेल आणि टोप कितीही वाईट असला तरी चालेल.

पुण्यात राहून मला म्हातारपणाचा हा ध्यास लागावा यात नवल नाही. हे पेन्शनरांचं गाव. सारसबागेत जा, थोरात उद्यानात जा, मॉडेल कॉलनीत चित्तरंजन वाटिकेत जा, बाकांवर बसलेली मंडळी सत्तरीच्या पुढची. हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, महापालिकेला रोज एक तक्रार अर्ज. या शहरात तारुण्य हा उमेदवारीचा काळ आहे, खरा अधिकार निवृत्तीनंतर मिळतो. इथे कुणीही म्हातारा होऊन चारचौघांत कुरकुर करू शकतो. त्या बाकांवर दोन-दोन पुरुष तासन्‌तास शेजारी बसतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात. त्यातल्या एखाद्या जोडीची गोष्ट वेगळी असेल का, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. विचारायची सोय नाही.

आमच्यातले म्हातारे दिसत नाहीत याची मला दोन कारणं दिसतात. पहिलं, काही जण म्हातारे व्हायला उरलेच नाहीत. ‘पोज’ या मालिकेचा जून २०२१ मधला अखेरचा भाग १९९६ च्या न्यूयॉर्कमध्ये घडतो, एचआयव्हीवर गुणकारी औषधं नुकती येत होती तेव्हाच्या. प्रे टेल हा त्यातल्या सगळ्या गे आणि ट्रान्स पोरांचा वडीलधारा. तो प्रयोगातून मिळालेली आपली औषधं धाकट्या रिकीला देऊन टाकतो आणि स्वतः जातो. मी पंचांग बघून बसलो होतो, शेवट ठाऊक होता, तरी रडलो. गे माणसाचा मृत्यू दाखवूच नये असं माझं म्हणणं नाही. एका अख्ख्या पिढीचं मरण जिथे खरंच घडलं तिथे ते दाखवलंच पाहिजे. आपल्या भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली, पण सरकारी रुग्णालयात मोफत औषधं मिळायला १ एप्रिल २००४ उजाडला. त्या मधल्या वर्षांत गेलेला एक मित्र मला आठवतो. त्याच्या घरच्यांनी कारण ‘टीबी’ सांगितलं. आज तो साठीचा असता आणि बहुधा माझ्याकडून फुकटात रिटर्न भरून घेत असता.

दुसरं कारण जास्त पुणेरी आहे. आमचे बाकीचे म्हातारे घरी आहेत, नातवंडं खेळवतायत. ‘मेड इन हेवन’ ही हिंदी मालिका २०१९ मध्ये आली तेव्हा सगळ्यांनी तिच्यातल्या गे नायकाचं, करणचं, कौतुक केलं, ते योग्यच. मी मात्र त्याच्या घरमालकापाशी अडकलो. संसारी, मध्यमवयीन, मवाळ माणूस. चोरून कॅमेरा लावून करणला बघतो, समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाखाली त्याच्यावर पोलीस येण्याला कारणीभूत होतो, आणि त्याची स्वतःची ओढ तीच असते. विनय पाठकनं ते काम असं केलंय की रागही येतो आणि पोटात कालवतंही. असे घरमालक मी सदाशिव पेठेत बघितलेत, नारायण पेठेत बघितलेत, दोघातिघांचे तर हिशेबही माझ्याकडे असतात. बोलता बोलता ते माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघतात आणि मग मुलीच्या लग्नाच्या खर्चावर येतात. त्या बिचाऱ्यांच्या बायकांची गोष्ट तर अजून कुणी लिहायलाच घेतलेली नाही. करणची गोष्ट दुसऱ्या पर्वात, ऑगस्ट २०२३ मध्ये, आईच्या आजारपणापर्यंत पोचली. तिला शेवटपर्यंत त्याचं लग्न एखाद्या मुलीशी लावायचं असतं. करणचा शेवट अजून लिहायचाय. घरमालकाचा मात्र आपण रोज जिन्यात बघतो.

(जाता जाता एक पुणेरी तक्रार. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ मधली कादंबरी पुण्यातली, एका वरच्या खोलीत राहायला आलेल्या भाडेकरूवर भावाचंही प्रेम बसतं आणि बहिणीचंही, आणि तो दोघांना टाकून निघून जातो. वरची खोली आणि भाडेकरू हे पुण्याचं खास दैवत. कुंडलकरांनी स्वतःच सिनेमा केला, २०२२ मध्ये, तर तो केरळात नेला. चित्र देखणं आहे, पण आमची खोली तेवढी गेली.)

मरण झालं, गायब होणं झालं. अलीकडे तिसरा शेवट आला आहे, लग्नाचा. ७ एप्रिल २०२० रोजी ‘शिट्स क्रीक’ संपली. डेव्हिड आणि पॅट्रिक यांचं लग्न, बाहेरचा मांडव पावसानं उधळलेला, मग गावच्या सभागृहात घाईघाईनं केलेली तयारी, आणि डेव्हिडची आई मोयरा पोपसारखा मुकुट आणि झगा घालून लग्न लावायला उभी. मालिकेचा कर्ता डॅन लेव्ही यानं त्या गावात समलिंगींचा द्वेष ठेवायचाच नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी ‘मॉडर्न फॅमिली’चा अखेरचा भाग लागला, त्यात मिचेल आणि कॅम यांना धाकटा मुलगा मिळतो आणि ते बिऱ्हाड उचलून मिझुरीला जातात. टाळेबंदीत आम्ही हे सगळं आईसकट बघितलं. मोयराला बघून आईनं विचारलं, ‘ही बाई भटजी आहे का?’ मी म्हटलं, आजच्यापुरती आहे. ‘बरं दिसतंय,’ आई म्हणाली, आणि लगेच, ‘जेवण काय ठेवलंय पण?’

मला ते लग्न आवडलं. त्याहून आवडलं ते हे की लग्नानंतर डेव्हिड न्यूयॉर्कला परत न जाता त्या आडगावातच घर घेऊन राहतो. म्हणजे पुढे छप्पर गळणार, दुकानाचे हिशेब तुंबणार, दोघं वजनावरून एकमेकांना बोलणार. लग्नाच्या शेवटाबद्दल माझा एकच आक्षेप आहे. तो दाराशी नेऊन सोडतो. आत काय चालतं ते दाखवायला कुणी बसत नाही, कारण आत काही विशेष चालत नाही, आणि मला बघायचंय नेमकं तेच.

आपल्याकडे तर अजून दारही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात समलिंगी लग्नाचा निकाल वाचला जात होता तेव्हा ऑडिटवाल्या रिटर्नची धावपळ चालू होती. एका कानात हेडफोन घालून मी ताळेबंद तपासत होतो. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत, आणि लग्नाव्यतिरिक्त काही मान्यता देता येईल का यावर तीन विरुद्ध दोन. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, अर्थ मंत्रालयानं खुलासा केला की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. आडकाठी आधीही नव्हती. कुठल्याही दोन माणसांना संयुक्त खातं उघडता येतंच. तरी सरकारी कागदावर आपला उल्लेख बघून बरं वाटलं हे नाकारत नाही.

खरी गंमत आयकरात आहे, आणि ती माझ्या धंद्यातली असल्यामुळे सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्यानं बायकोला काहीही भेट दिली तरी तिला ती करमुक्त. भाऊ, बहीण, आईवडील, मेहुणेसुद्धा ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसतात. आम्ही बसत नाही. मी त्याला वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त दिले तर ती सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाते आणि त्यावर त्याला कर बसतो. पण तेच मी मृत्युपत्रानं ठेवलं तर एक रुपयाही कर नाही. जिवंतपणी दिलं तर दंड, मेल्यावर दिलं तर माफी. अमेरिकन पटकथाकारांची आणि आपल्या कायद्याची आवड इतकी जुळेल असं मला वाटलं नव्हतं.

तर मला एक मराठी मालिका हवी आहे. पुण्यातच घडणारी. समलिंगींसाठी काम करणारी समपथिक ट्रस्ट ही संस्था इथे २००२ मध्ये सुरू झाली, बिंदुमाधव खिरे यांनी उभी केलेली. डिसेंबर २०११ मध्ये इथे पहिली अभिमान पदयात्रा निघाली, बघ्यांची संख्या चालणाऱ्यांपेक्षा जास्त होती. म्हणजे माणसं आहेत, गोष्टी आहेत, नटही मिळतील. कुणी कुणाला उघडकीला आणायचं नाही, कुणाला गोळी घालायची नाही. दोन म्हातारे असतील. एक बँकेतून निवृत्त, एक पिंपरीच्या कारखान्यातून. पाण्याची टाकी कधी धुवायची यावरून सोसायटीच्या सभेत भांडतील, आणि ते भांडतात एकमेकांच्या विरुद्ध मतदान करून, म्हणून सेक्रेटरी वैतागलेला असेल. ज्येष्ठ नागरिक संघाची सहल कोकणात जाईल तेव्हा खोलीवाटपात दोन पुरुषांना एक खोली देण्यात कुणालाच काही अडचण वाटणार नाही, हा आमच्या जमातीला मिळालेला फार जुना फायदा आहे. एकाला मोतीबिंदू होईल, दुसरा डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा कॅलेंडरवर लिहील. अखेरच्या भागात फोटो निघेल तेव्हा ते सोफ्यावर मधोमध असतील आणि माझी आई मोजून बघेल.

हे सगळं मी जेवताना मांडलं. आमच्या ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला की तिसऱ्या भागातच बंद पडेल. मग त्याला एक शंका आली. ‘आणि आधी मरणार कोण?’

मी म्हटलं, तूच म्हणतोस ना शेवट आधी सांगू नये.

‘मालिकेतलं नाही विचारत. आपल्यातलं.’

मग आमचं त्यावरून वाजलं. त्याचं म्हणणं असं की त्याला रिटर्न भरता येत नाही, विम्याचे कागद कुठे असतात ते माहीत नाही, त्यामुळे मागे राहायची त्याची पात्रताच नाही. मी म्हटलं, ती सबब झाली, मी शिकवतो. आतून आई ओरडली, जेवताना मरणाचं कसलं बोलता रे मेल्यांनो. तो उठला, ताट उचललं आणि स्वयंपाकघरातून मला ऐकवलं, ‘ते काही नाही. मी सवाष्ण जाणार. तू बस कागद लावत.’